उरलेल्या हाताचं माप

१

कपाचा कान उजवीकडे असतो. सकाळी सहाला उठायचं, चहा टाकायचा, खिडकीशी उभं राहून प्यायचा, कप विसळून जाळीवर पालथा घालायचा, कान उजवीकडे. यात शिस्तीचा काही भाग नाही. उजव्या हाताचा माणूस कप ठेवतो तेव्हा कान आपसूक त्या बाजूला येतो. तुमच्या घरी जाऊन बघा.

मला असल्या गोष्टी दिसतात, कारण मी हात बनवतो. अपघातात, यंत्रात, आजारात ज्यांचे हात गेले त्यांच्यासाठी कृत्रिम हात. एकतीस वर्षं तेच करतोय. आमच्या कामात पहिला धडा असा, की गेलेल्या हाताचं माप मिळत नाही. म्हणून उरलेल्या हाताचं माप घ्यायचं आणि ते उलटं करून, आरशात दिसेल तसं, दुसऱ्या बाजूचा हात करायचा. नवा माणूस इथे हमखास चुकतो. मीही चुकलो. पहिल्याच वर्षी एका सुताराचा डावा हात करायचा होता आणि मी मन लावून, नखांच्या रेघांसकट, उजवा केला. त्याने तो शेजारी धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "हात झकास झालाय साहेब, पण दोन उजव्यांनी मी टाळी कशी वाजवू?"

संध्याकाळी हे बायकोला सांगितलं, तर ती हसून हसून खाली बसली. पुढे जन्मभर मी कधी शहाणपणा पाजळायला लागलो की ती म्हणायची, "मिस्त्री, टाळी वाजवा." तेवढ्याने मी गप्प व्हायचो.

तिला जाऊन चौदा महिने झाले. दाराजवळच्या फळीवर तिचा एक हात आहे. प्लास्टरचा. लग्नानंतर पहिल्या महिन्यात, सराव म्हणून, मी तिच्या उजव्या हाताचा साचा घेतला होता. चाळीस मिनिटं हात हलवायचा नाही म्हटल्यावर तिच्या नाकाला खाज सुटली. "आता नाक तुम्हीच खाजवा," म्हणाली, आणि मी खाजवलं. तो हात फळीवर बोटं वर करून उभा असतो, पंजा भिंतीकडे, नखं खोलीकडे, अंगठा दाराच्या बाजूला. त्या अंगठ्यात मी किल्ली अडकवतो. रोज आल्यावर अडकवायची, जाताना काढायची. दिवसातून दोनदा तिचा अंगठा हाताला लागतो, एवढंच आता आमचं नातं उरलंय.

२

लिहायला लेकीने लावलं. ती दूर राहते, दर रविवारी दुपारी फोन करते. "बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही. निदान कागदाशी तरी बोला." वाचनालयात गुरुवारी दुपारी कथालेखनाचा वर्ग भरतो हे तिनेच शोधून काढलं. मी कुरकुर केली आणि गेलो. कारखाना गुरुवारी बंद असतो आणि त्या दिवशी घर खायला उठतं.

वर्ग घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचाही ताठ बसेल. पहिल्या महिन्यात मी एकच वाक्य घेऊन झगडत होतो. "तिने उजव्या हाताने केसांतला आकडा काढून तोंडात धरला." पुढे पेन हलेना. तिच्या हाताबद्दल लिहायला गेलो की घशात काहीतरी अडकायचं. बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "खरं माणूस जसंच्या तसं घेतलंत की ते तुम्हाला लिहू देत नाही. एक गोष्ट बदला. एकच. मग ते तुमचं पात्र होतं, तुमच्या ताब्यात येतं."

मी "उजव्या" खोडलं आणि "डाव्या" लिहिलं.

खरं सांगतो, त्या दिवशी मी अकरा पानं लिहिली. नवल वाटायचं कारण नव्हतं, ते माझं रोजचंच काम होतं. उरलेलं माणूस मी होतो. माझं माप घेऊन, उलटं करून, गेलेलं माणूस बनवायचं. कथेत ती जिवंत होती. डाव्या हाताने शिवण उसवायची, डाव्या हाताने सुई ओवायची, कारण ती घरी कपड्यांची दुरुस्ती करायची आणि तिच्या बोटाच्या टोकाला सुईने पडलेला खरखरीत ठिपका होता. तो मी ठेवला. हसणं ठेवलं, मला मिस्त्री म्हणणं ठेवलं. नवा हात शोभावा म्हणून शाळेत तिला डाव्या हाताने लिहिल्याबद्दल पट्टी बसायची, असं एक पानही जोडलं. ते साफ माझ्या मनचं.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. गर्दीत, सिनेमाच्या अंधारात, डॉक्टरच्या बाकड्यावर ती माझा हात धरून दोनदा दाबायची. त्याचा अर्थ, मी आहे. हे आम्ही कधी बोललो नाही, लेकीलाही ठाऊक नाही. शेवटच्या दिवशी तिच्या डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून मी उजव्या बाजूला, खिडकीकडे बसलो होतो. बोलणं बंद झालं होतं. दुपारी चारच्या सुमारास तिने माझा हात दोनदा दाबला. मग दाबला नाही. हे मी कागदाला देणार नव्हतो. माझ्याकडे तेवढंच अख्खं उरलं होतं.

३

एका सकाळी कपाचा कान डावीकडे होता.

मी तो उजवीकडे वळवला आणि चहा टाकला. माणूस झोपेत असतो, हात चुकतो. दुसऱ्या दिवशी कान डावीकडे. तिसऱ्या दिवशी मी रात्रीचा कप विसळून मुद्दाम कान बघून ठेवला, आणि सकाळी तो डावीकडे.

मी घाबरलो नाही. आमच्याकडे येणारी माणसं सांगतात, गेलेल्या हाताला खाज सुटते, गेलेल्या बोटांची मूठ आवळली जाते. आम्ही त्यांना हसत नाही. मेंदूला बातमी उशिरा कळते, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मेंदूला चौदा महिने पुरले नसतील. दिवसभर वहीत डाव्या हाताने घर चालवतोय, तर झोपेत उठून कप फिरवत असेन. मी स्वतःला असं समजावलं आणि मला ते पटलंही.

मग केराच्या डब्यात सफरचंदाची साल सापडली. एका तुकड्यात सोललेली, लांब. मी सफरचंद खाल्लं असेन, रोज खातो. पण सालीचा वेढा उलटा होता. मी ओट्यावर दुसरं सफरचंद सोललं आणि दोन्ही साली शेजारी ठेवल्या. एक इकडून वळलेली, एक तिकडून, कारखान्यातल्या टेबलावरच्या हातांच्या जोडीसारख्या. मी डाव्या हातात सुरी धरून तिसरं सफरचंद सोलायला गेलो. बोट कापलं, आणि साल तुकड्यातुकड्यांत पडली.

कारखान्यात आमचा रंगारी, जो रबरी हातांना कातडीचा रंग देतो आणि शिरा काढतो, त्याने बोटाची पट्टी पाहिली. "काय मास्तर, सफरचंदाने चावलं वाटतं?"

"डाव्या हाताने सोलत होतो."

"का? उजव्याने काय घोडं मारलं?" आणि मग हातातला ब्रश थांबवून, "घरी कुणी आलंय का हो?"

"का?"

"काही नाही. चार दिवस तुमच्या शर्टाची बटणं धड आहेत. आणि गाठ बघा. तुमची गाठ अशी नसते."

मी शर्टाकडे पाहिलं. तिसरं बटण नव्याने लावलेलं होतं. दोरा पक्का होता. गाठ उलट्या अंगाने मारलेली होती.

४

त्यानंतर मी वही कपाटात कुलूपबंद केली. आठ दिवस लिहिलं नाही. त्या आठ दिवसांत कप नीट राहिला, साली आल्या नाहीत, आणि घरात असा शुकशुकाट झाला की नळ ठिबकला तरी मी दचकून वळायचो. सांगायला लाज वाटते, पण मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. रोज सकाळी मी आधी जाळीकडे बघायचो. कान उजवीकडे दिसला की जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडत नव्हता.

नवव्या दिवशी वही काढली.

मी शाईच्या पेनाने लिहितो. डावखुऱ्या माणसाचं एक असतं, लिहिताना त्याचा तळहात ओल्या अक्षरांवरून पुढे सरकतो आणि ओळ पुसट होते. आमच्याकडे भरून घेतलेल्या अर्जांवरून मी ते लगेच ओळखतो. वहीच्या शेवटच्या पानावर तसंच होतं. शाई प्रत्येक ओळीवर डावीकडून उजवीकडे फरफटली होती. अक्षर माझंच, फक्त मागे रेललेलं.

"ती दाराशी येऊन पाहते. तो अजून आत बोलवत नाही. ती थांबते. तिला घाई नाही."

हे मी लिहिलं असेन. दुसरं कोण लिहिणार? कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती. मी पुन्हा वाचलं आणि पान उजेडात धरलं. वाक्यांसाठी नाही. पानाच्या कडेला शाईचा एक ठसा होता, करंगळीच्या बाजूचा, तळहाताच्या कडेचा. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. माझ्या हातापेक्षा तो दोन बोटांनी लहान होता.

५

रविवारी लेकीचा फोन आला. हवापाणी झालं, गोळ्या झाल्या. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई कोणत्या हाताने लिहायची गं?"

"डाव्या. का?"

"नीट आठव."

"बाबा, यात काय आठवायचंय? डावखुरी होती ती. शाळेत डाव्या हातावर पट्टी बसायची, सांगायची ना नेहमी. माझ्या वह्यांना कव्हर घालायची तेव्हा तिची कात्री मला चालायची नाही. तुम्ही बरे आहात ना? मी येऊ का दोन दिवस?"

पट्टीचं पान मी दीड महिन्यापूर्वी लिहिलं होतं. लेकीने ती वही पाहिलेली नाही.

"बरा आहे मी," म्हटलं. "कथेसाठी विचारत होतो."

"लिहिताय ना? छान. लिहीत राहा, बाबा. तुमचा आवाज हल्ली बरा वाटतो."

फोन ठेवून मी भिंतीवरचा फोटो काढून उजेडात नेला. ती गॅलरीत बसून परकराची किनार दुमडते आहे. सुई डाव्या हातात. फोटो उलटा छापला असेल, असं होतं कधीकधी. पण तिच्या मागे कॅलेंडर होतं आणि त्यावरचे आकडे सरळ होते.

शिवणाच्या डब्यात तिची मोठी कात्री होती. मी ती उजव्या हातात धरली. अंगठ्याचं भोक माझ्या अंगठ्याला बसेना, त्याची कड हाडाला लागत होती, कात्री डावखुऱ्याची होती. एकोणतीस वर्षं ही कात्री घरात होती, मी याच कात्रीने शेकडो वेळा कागद कापले असतील. असतील असं म्हणतो. आता खात्री देववत नाही.

६

मग मी दाराकडे गेलो. खरं तर पहिल्यांदा तिकडेच जायला हवं होतं. मी ते टाळत होतो. फोटो फसवतो, लेक लहान होती, माझं डोकं ठिकाणावर नसेल. पण साचा फसवत नाही. ओलं प्लास्टर जे असतं तेच धरून ठेवतं, म्हणून तर माझी नोकरी आहे.

किल्ली अंगठ्यातच होती. पण अंगठा दाराच्या बाजूला नव्हता. स्वयंपाकघराच्या बाजूला होता.

कुणी हात फिरवून ठेवला असेल, हा पहिला विचार. उजवा हात पाठमोरा केला की अंगठा दुसरीकडे जातो. मी तसाच उभा राहून पाहत राहिलो. नखं माझ्याकडे होती. पंजा भिंतीकडे होता. कुणीही काही फिरवलेलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी तिला लग्नाआधी इस्त्रीने भाजल्याचा जो चट्टा होता, तोही होता, पण पलीकडच्या अंगाला.

मी माझा डावा हात त्याच्या शेजारी धरला. जुळला. एकतीस वर्षांत मला हे असं तपासून बघावं लागलं नव्हतं.

सुताराची आठवण झाली. चुकीचा हात त्याने परत केला होता, मी दुसरा करून दिला होता. चूक दुरुस्त व्हायची, कारण त्याचा उरलेला हात समोर होता. माझ्या समोर काय होतं? मी डोळे मिटून इस्पितळाची खोली आठवली. पलंग, खुर्ची, तिची बोटं. मी खिडकीकडे बसलो होतो. नाही, दाराकडे. सलाईन उजव्या हाताला होतं आणि मी डाव्या बाजूला, दाराकडे, नर्स आत आली की मला पाय जवळ घ्यावे लागायचे. मला तो पायांचा त्रास स्पष्ट आठवला. आणि खिडकीतून दिसणारा पाण्याच्या टाकीवरचा कावळाही आठवला. दोन्ही खरं असू शकत नाही. मी खाली जमिनीवर बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो, तेव्हा निदान कोण गेलं हे मला ठाऊक होतं.

७

बुधवारी कारखान्यातून लवकर निघालो. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई शेवट ऐकणार होत्या, आणि शेवट काय करायचा ते माझं ठरलं होतं. कथेतली बाई मरायला हवी. डाव्या हाताची ही जी कुणी घरात वावरते आहे, ती गेली तरच माझ्या बायकोचा हात मला परत मिळेल. दुसऱ्यांदा ते सगळं बघावं लागेल, तर लागेल. एक माणूस दोनदा गमावणं जमेल. त्याच्या जागी भलत्याला बसवणं जमणार नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. समोरची खुर्ची रिकामी होती. पाचचं ऊन वहीवर होतं. मी इस्पितळ लिहिलं, पलंग लिहिला. घशात पुन्हा ते अडकायला लागलं आणि मला बरं वाटलं. खरं जवळ आलं की ते अडकतं, आता मला ठाऊक होतं. "त्याने तिचा उजवा हात हातात घेतला" इथवर आलो. आता फक्त दोनदा दाबणं लिहायचं होतं, मग संपलं.

ऊन कधी उतरलं कळलं नाही. अक्षरं दिसेनाशी झाली. दिवा लावायला उठावं असं मनात आलं, तेवढ्यात समोरची खुर्ची फरशीवर सरकली. सावकाश, उचलून ठेवावी तशी, माझं काम चालू असताना ती सरकवायची तशी.

मी मान वर केली नाही. डोळ्यांच्या कडेला साडीची किनार दिसली, आणि वहीच्या पलीकडून एक हात आला, माझ्या पेन धरलेल्या हातावर ठेवला गेला. हातावर पडलेला हात कोणता, हे सांगायला मला बघावं लागत नाही. अंगठा कुठे टेकतो त्यावरून कळतं. डावा होता. उबदार होता. पहिल्या बोटाच्या टोकाला खरखरीत ठिपका होता.

"मिस्त्री," कुणीतरी हळूच म्हणालं.

मी पेन सोडलं आणि तळहात वर केला. बोटं माझ्या बोटांत आली. मी थांबलो. आयुष्यात कधी कशाची इतकी वाट पाहिली नसेल. तिने दोनदा दाबलं असतं तर ती माझी बायको होती, मग हात डावा असो की उजवा, साचा, फोटो, लेक, सगळं गेलं खड्ड्यात.

हात नुसता होता. धरून होता, पण दाबत नव्हता. तिला ठाऊकच नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं.

म्हणजे मी बरोबर होतो. ही ती नव्हती, हे आता शंभर टक्के कळलं होतं, आणि वहीतलं वाक्य अर्धं पडलं होतं. पेन बोटभर अंतरावर होतं. एवढंच करायचं होतं, हात सोडवून घ्यायचा आणि वाक्य पुरं करायचं.

पण चौदा महिन्यांनी कुणीतरी माझा हात धरला होता.

मी दोनदा दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिने दाबलं. एकदा, घट्ट, नवशिक्यासारखं. मी मान हलवली आणि पुन्हा दाखवलं, सावकाश, पहिलं, मग दुसरं.

या खेपेला तिचं बरोबर आलं.

मी डाव्या हाताने पेनाला टोपण लावलं.